सफारीपूर्वीचे नैरोबी

मसाई मारातील सिंह आणि वन्यप्राण्यांचे स्थलांतर पाहण्यासाठी अलीकडे बेंगळुरूहून अनेक कुटुंबे केनियाला जातात. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि पालकही त्यांत असतात. नैरोबी ही त्या देशाची राजधानी. पण बहुतेकांच्या लेखी ती विमानातून उतरून जीपमध्ये बसण्यापुरती. हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात तिच्याविषयी लिहिण्याचे कारण एवढेच की, अरण्याकडे वळण्यापूर्वी तेथे एक दिवस थांबणाऱ्यास आपल्याच माणसांचा इतिहास भेटतो. आणि त्या इतिहासाचा एक धागा बेंगळुरूच्या शाळेपर्यंत येऊन पोहोचतो.

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द अरबीतून आला. आपला ‘सफर’ त्याच कुळातला. या सफरीची वाट मात्र भारतीय मजुरांनी घातली. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतच्या रेल्वेचे काम १८९६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी भारतातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांत पंजाबातील लोक बहुसंख्य होते. सुमारे अडीच हजार जण तेथेच मरण पावले. १८९८ मध्ये त्सावो येथे दोन नरभक्षक सिंहांनी मजुरांच्या छावण्यांत अनेक महिने हाहाकार माजवला. पुढे त्यांना मारणाऱ्या पॅटरसन या अभियंत्याचे पुस्तक जगभर गाजले. ते सिंह आजही शिकागोच्या संग्रहालयात पेंढा भरून उभे आहेत. त्यांना बळी पडलेल्या मजुरांची नावे मात्र फारशी कोणास ठाऊक नाहीत. १८९९ मध्ये रुळ ज्या पाणथळ माळावर पोहोचले, तेथे रेल्वेचे ठाणे पडले आणि त्यातून नैरोबी वसले. मसाई भाषेत या नावाचा संबंध थंड पाण्याशी आहे.

समुद्रसपाटीपासून उंचावर वसलेले, सौम्य हवेचे हे नगर बेंगळुरूकराला परके वाटत नाही. दोन्ही नगरांनी एकच संकटही सोसले. १८९८ च्या प्लेगनंतर बेंगळुरूत मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या वसाहती आकारास आल्या. नैरोबीत १९०२ मध्ये प्लेग शिरला, तेव्हा तेथील भारतीय बाजारच जाळून टाकण्यात आला. तो रोग ओळखणारे डॉ. रिबेरो हे गोमंतकीय. माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून ते रुग्णांकडे जात.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीत आले ते आप्पासाहेब पंत, औंधच्या राजांचे चिरंजीव. औंध संस्थानाने १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली होती. त्या प्रयोगात आप्पासाहेबांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते होते आणि तेही बेंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्यातून तेथे गेलेले! राजसत्ता सोडून देण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या या राजपुत्राने आफ्रिकी नेत्यांशी मैत्री जोडली. तेथील भारतीयांनी आपले हित आफ्रिकी जनतेच्या हिताहून वेगळे मानू नये, अशी त्यांची धारणा होती. ब्रिटिश प्रशासनाला ते रुचले नाही. १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावे लागले.

या कथेतील आपल्या सर्वांत जवळचे नाव जोसेफ मुरुंबी यांचे. जन्म १९११ चा. वडील गोमंतकीय व्यापारी, आई मसाई. वडिलांनी मुलाला शिक्षणासाठी भारतात पाठवले आणि त्याचे शालेय शिक्षण बेंगळुरू व बळ्ळारी येथे झाले. केनियाला परतल्यावर त्यांनी वडिलांचे झुझार्ते हे आडनाव सोडून मुरुंबी हे आफ्रिकी नाव धारण केले, स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली आणि पुढे ते परराष्ट्रमंत्री झाले. त्यांचे निकटचे सहकारी पिओ गामा पिंटो हेही गोमंतकीय वंशाचे. काही काळ शेजारच्या धारवाडात शिकलेले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत पिंटो यांची हत्या झाली. १९६६ मध्ये मुरुंबी केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. पण अवघ्या काही महिन्यांत त्यांनी ते पद सोडले. उर्वरित आयुष्य त्यांनी आफ्रिकी कला, ग्रंथ आणि दस्तऐवज जमवण्यात वेचले. त्या संग्रहाचा मोठा भाग त्यांनी परदेशी न जाऊ देता आपल्या देशाच्या स्वाधीन केला. नैरोबीच्या मध्यवस्तीतील राष्ट्रीय अभिलेखागारात तो आज कोणालाही पाहता येतो. सिटी पार्कमध्ये पिंटो यांच्या समाधीजवळच मुरुंबी विसावले आहेत.

१६३८ मध्ये शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हापासून या नगरीत मराठी बोलली जाते. घरी एक भाषा, दारी दुसरी आणि शाळेत या दोन्हींचा मेळ, हे आपण लहानपणापासून अनुभवले आहे. ज्या भूमीत आपण राहतो तिचे आपण कोण, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. आप्पासाहेबांनी त्याचे उत्तर पाहुणा म्हणून दिले, मुरुंबींनी भूमिपुत्र म्हणून. आणि दोघांनीही त्याची किंमत मोजली.

म्हणून केनियाला जाल तेव्हा सिंह अवश्य पाहा. पण त्याआधी अर्धा दिवस त्या अभिलेखागारासाठी राखून ठेवा. मुलांना बरोबर न्या. मसाई आईच्या या लेकराने आपली पहिली अक्षरे आपल्याच मुलखात गिरवली, हे त्यांना तेथे उभे राहून सांगा.