पिंजऱ्याविना पोपटपालन

पिंजऱ्याविना पोपटपालन म्हणजे पोपटाला कायम कोंडून न ठेवता घरात मोकळे वावरू देण्याची पद्धत होय. उडण्याने पक्ष्याला व्यायाम मिळतो. दीर्घकाळ कोंडलेले व एकटे पडलेले पोपट स्वतःची पिसे उपटताना आढळतात. मात्र या पद्धतीत पिंजऱ्याची सुरक्षितता घरालाच द्यावी लागते.

कायदा
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात कीर पोपट, करण पोपट इत्यादी देशी पोपट पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे. पिंजरा न वापरल्याने त्यातून सूट मिळत नाही. घरोघरी दिसणारे बजरीगर व कॉकाटील हे मूळचे ऑस्ट्रेलियातील पक्षी आहेत.

धोके
फिरता छतपंखा, उघडी खिडकी, पाण्याने भरलेली बादली, पेटलेली शेगडी आणि विजेच्या तारा यांपासून पक्ष्याला इजा होते. पारदर्शक काच पक्ष्यांना ओळखता येत नाही. म्हणून खिडकीला जाळी किंवा पडदा लावतात. पक्ष्यांची श्वसनसंस्था अतिशय संवेदनशील असल्याने नॉनस्टिक भांडे अति तापल्यास निघणारा वायू त्यांना काही मिनिटांत मारू शकतो. चॉकलेट व ॲव्होकॅडो त्यांना विषारी ठरतात.

निगा
बसण्यासाठी कमीअधिक जाडीच्या फांद्यांचा स्टँड, कुरतडण्यासाठी मऊ लाकूड आणि रात्री सुमारे १० ते १२ तास अंधार व शांतता आवश्यक असते. उड्डाणपिसे छाटली तरी पिसे झडून नवी आल्यावर पक्षी पुन्हा उडू लागतो. घरी कोणी नसताना त्याला सुरक्षित खोलीत किंवा प्रशस्त पिंजऱ्यात ठेवणे श्रेयस्कर असते.