गाडीला न आवडलेली सीडी

तुमच्यापैकी बरेच जण हा भाग गाडीत नाहीतर बसमध्ये ऐकत असणार. फोन ब्लूटूथला जोडलेला, बोट लावलं की गाणं सुरू. आता समजा, तो फोनच नाहीये. प्रवासात गाणी हवीत तर आदल्या रात्री कॉम्प्युटरपुढे बसून सीडी 'मारून' ठेवायची. आणि सकाळी गाडी हायवेला लागली की कळणार, ही वाजतच नाही!

गेल्या महिन्यात आमच्या काकाची जुनी गाडी भंगारात निघाली. डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करताना चेनचं एक पाऊच सापडलं, आत चोवीस सीडी. त्यांवर काकाचं मार्करचं अक्षर: 'नवी-जुनी मिक्स', 'घाटातली', 'झोप आली तर'. आणि एकीवर गोल कागदी स्टिकर, स्केचपेनने काढलेली फुलं. ती फुलं माझी. २००४ साल, मी नऊ वर्षांची. त्या सीडीवर पंधरा ट्रॅक आहेत, आणि पंधरावा म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या. काकाने गावी कॅसेटवर भरून घेतल्या होत्या, मग त्या सीडीवर आणल्या. कॅसेटला कधीच बुरशी लागली. आजी त्याच्याही आधी गेली.

सीडी स्टिरिओत घातली. आत गेली, गरगरली, खट्-खट् आवाज आला आणि स्क्रीनवर 'एरर'. काका शांतपणे म्हणाला, "त्याला ती पहिल्यापासून आवडत नाही गं. तेव्हाही तीनदा घातली की एकदा वाजायची."

का आवडत नव्हती, ते शोधत मी थेट १९८० पर्यंत गेले.

त्या वर्षी सोनी आणि फिलिप्सने मिळून सीडीचे नियम लिहिले. नियमावलीचं कव्हर लाल, म्हणून तिचं नाव रेड बुक. दुकानातली सीडी साच्यात दाबून बनते. प्लास्टिकवर अतिसूक्ष्म खळगे आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. खालून लेझर पडतो. सपाट जागेवरून भरपूर उजेड परत येतो, खळग्यावरून कमी. या कमी-जास्तातून प्लेअर दोन्ही कानांसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचा आकडा काढतो. आणि नियम असा, की सपाट जागेवरून निदान ७० टक्के उजेड परत आलाच पाहिजे. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये पहिले प्लेअर विकायला आले, १९८४ मध्ये पायोनिअर आणि सोनीचे गाडीत बसणारे आले. सगळे या ७० टक्क्यांच्या भरवशावर बांधलेले. कुणी घरी बसून सीडी बनवेल, हे त्या नियमांत धरलेलंच नव्हतं.

मग १९८८ उजाडलं. जपानमध्ये तायो युदेन नावाची कंपनी होती, मुख्य धंदा कपॅसिटर बनवण्याचा. तिथल्या एमिको हामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता: घरी लिहिता येईल, पण जुन्या प्लेअरला फरकच कळणार नाही अशी सीडी बनेल का? त्यांनी प्लास्टिकवर रंगद्रव्याचा थर दिला. लेझर जोरात मारला की तिथलं रंगद्रव्य तापून बिघडतं आणि त्या ठिपक्यावरून उजेड कमी परत येतो. खळगा नाही, खळग्याचं सोंग! आपण 'बर्न' म्हणायचो ते म्हणजे खरंच भाजणं होतं. पण रंगद्रव्य मध्ये आलं की उजेड घटणार, मग ७० टक्के कुठून आणायचे? त्यांनी मागे ॲल्युमिनियमऐवजी सोनं लावलं. हो, खरं सोनं, अगदी पातळ थर. लेझरचा तो लालसर, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश सोनं फार छान परतवतं. पुढे खर्चासाठी बऱ्याच ठिकाणी चांदी आली. मला विचाराल तर या सगळ्या कथेतला सगळ्यात सुंदर भाग हाच. जगभर विकल्या गेलेल्या प्लेअरमधला एक स्क्रूसुद्धा न बदलता त्यांना गंडवायचं!

गंडवणं जमलं, पण काठावर. घरातला प्लेअर चालवून घ्यायचा. गाडीतला स्टिरिओ आधीच हादरे, धूळ आणि उन्हाने बेजार, लेझर थकलेला. त्यात १९९७ मध्ये पुन्हा पुन्हा पुसता येणारी सीडी-आरडब्ल्यू आली. तिच्यावरून जेमतेम १५ ते २५ टक्के उजेड परत येतो. जुन्या स्टिरिओला तिथे सीडी आहे हेच कळायचं नाही. कितीतरी लोकांनी 'पुसता येते म्हणजे भारी' म्हणून महागडी आरडब्ल्यू घेतली आणि मग स्टिरिओवाल्याशी भांडले.

दुसरा घोळ एमपीथ्रीचा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी १९९५ मध्ये फाइलला हे शेपूट दिलं. ७०० एमबीच्या सीडीवर साधी गाणी ८० मिनिटांची, पण एमपीथ्री जवळजवळ बारा तासांची, म्हणजे सव्वाशे-दीडशे गाणी! मात्र ती फाइल उलगडणारी चिप स्टिरिओत हवी. ती नसेल तर त्याच्या दृष्टीने आत गाणं नाही, नुसता डेटा. शिवाय बर्न करताना शेवटी सीडी 'फायनलाइज' करायची राहिली तर आतल्या कडेची अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही, आणि प्लेअर पहिल्यांदा तीच शोधतो.

आपल्याकडे हे सगळं घराघरांत पोचलं ते कोऱ्या सीडी स्वस्त झाल्यावर. त्यात दिल्लीच्या मोझर बेअरचा मोठा हात. १९८३ ची कंपनी, जगातल्या सर्वांत मोठ्या सीडी उत्पादकांपैकी एक झाली आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीत संपली. तायो युदेनने तर २०१५ मध्येच डिस्क बनवणं थांबवलं.

आता माझं स्टिकर. कागद जरा जरी एका बाजूला सरकला, तर सीडी फिरताना थरथरते. गाडी उन्हात तापली की गोंद सुटतो, कडा उचलते आणि आत अडकते. आणि सीडीचा धातूचा थर वरच्या बाजूला असतो, लेबलच्या लगेच खाली, त्यावर फक्त लॅकरचा पापुद्रा. खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा ओरखडा वाईट. तुमच्या घरात अशी सीडी असेल तर स्टिकर ओढून काढू नका, धातूही त्याच्यासोबत येतो. रंगद्रव्यालाही ऊन सोसत नाही, आणि आमची सीडी वर्षानुवर्षं डॅशबोर्डात भाजत होती.

आणखी एक. सीडी आतून बाहेर वाजते. म्हणजे शेवटचा ट्रॅक बाहेरच्या कडेला, जिथे हात लागतात आणि खराबी बहुतेक वेळा आधी सुरू होते. आमच्या सीडीत कडेला काय होतं, ते सांगितलंच.

मैत्रिणीकडून यूएसबीचा जुना डीव्हीडी रायटर आणला. वेग सगळ्यात कमी ठेवून, अडला की पुन्हा तीच जागा वाचायची, असं रात्रभर चालवलं. चौदा ट्रॅक आले. पंधरावा चार मिनिटांचा, त्यातली तीन मिनिटं स्वच्छ आली, पुढे नुसती टिकटिक.

काकाला ऐकवलं. तो डोळे मिटून बसला होता. आजीचा आवाज, जात्याची घरघर, मागे कुठेतरी कुत्रं. काका म्हणाला, "तो आपला मोत्या. त्या दिवशी त्याला बांधून ठेवलं होतं."