अस्थिरोपणातील धातुकण आणि प्रतिरक्षा पेशी

अस्थिरोपणातील धातुकण आणि प्रतिरक्षा पेशी : भंगलेले हाड सांधण्यासाठी अथवा निकामी झालेल्या सांध्याच्या जागी बसविण्यासाठी शरीरात जी धातूची रोपणे घालतात, त्यांच्या घर्षणाने व संक्षारणाने सुटणारे सूक्ष्म कण आणि आयन भोवतालच्या ऊतकांतील प्रतिरक्षा पेशींना ज्या रीतीने उद्दीपित करतात, त्या प्रक्रियेचे विवेचन या नोंदीत केले आहे. जंतुसंसर्गाचा मागमूस नसताना रोपणाभोवतीचे हाड विरत जाते, रोपण सैल होते आणि रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते, या अनर्थाचे मूळ बहुतांशी या कणांत आणि त्यांना पेशींकडून मिळणाऱ्या प्रतिसादात आहे.

इतिहास : परकीय पदार्थाभोवती भक्षक पेशी गोळा होतात, हे एली मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे ताराकृती माशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून दाखविले, आणि प्रतिरक्षाशास्त्राच्या या पायाभूत कार्याबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. मात्र या शोधाचा अस्थिशल्यचिकित्सेशी निकटचा संबंध आहे, हे ध्यानी येण्यास बराच काळ लोटला. १९३० नंतरच्या दशकात कोबाल्ट, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांची व्हायटॅलियम ही मिश्रधातू शल्यचिकित्सकांच्या हाती आली. पुढे स्वीडनमध्ये पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांनी टिटॅनियम व जिवंत हाड यांचे दृढ मीलन होते, हे सिद्ध केले.

कणांच्या उपद्रवाचा पहिला ठसठशीत धडा इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांच्या अनुभवातून मिळाला. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. परंतु ती दोनतीन वर्षांतच झिजली आणि झिजेच्या कणांभोवती दाहजन्य ऊतकाचे थर साचले. ही प्रतिक्रिया पदार्थाचीच आहे किंवा कसे, याचा निवाडा व्हावा म्हणून चार्न्ली यांनी स्वतःच्या मांडीत ते कण टोचून घेतले आणि तेथे गाठ उद्भवल्याचे प्रत्यक्ष पाहिले. १९६२ मध्ये त्यांनी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाची वाटी स्वीकारली. १९७७ मध्ये विलर्ट आणि झेम्लिच यांनी झिजेचे कण व सांध्याच्या आवरणातील पेशी यांचा संबंध तपशीलवार मांडला. सैल झालेल्या रोपणाचा दोष काही काळ अस्थिसिमेंटावर ठेवला गेला खरा, पण सिमेंटाविना बसविलेल्या रोपणांभोवतीही तेच अस्थिलयन आढळू लागल्यावर खरा कारक, पदार्थ कोणताही असो, त्याचे कण हेच होत, असे मत रूढ झाले.

कणांची उत्पत्ती : टिटॅनियम व क्रोमियमयुक्त मिश्रधातू यांच्या पृष्ठावर ऑक्साइडाचा केवळ काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा असतो आणि तोच धातूचे संरक्षण करतो. हालचालीने हा पापुद्रा खरवडला गेला, अथवा गोळा व दांडा जेथे एकमेकांत बसविलेले असतात त्या सांधणीत सूक्ष्म कंप होत राहिला, म्हणजे उघडा पडलेला धातू लवणयुक्त शरीरद्रवात संक्षारित होऊ लागतो. धातू धातूवर घासतो अशा सांध्यात झिजेचे एकूण घनफळ पॉलिएथिलिनाच्या तुलनेने अल्प असते. परंतु कण काही दशक नॅनोमीटर व्यासाचे असल्यामुळे त्यांची संख्या प्रचंड होते आणि संक्षारणास खुले होणारे पृष्ठक्षेत्रही त्याच प्रमाणात वाढते.

महाभक्षी पेशींवरील परिणाम : सुमारे ०.१ ते १० मायक्रोमीटर आकाराचे कण महाभक्षी पेशी गिळू शकतात. त्याहून मोठ्या कणांभोवती अनेक पेशी एकवटून बहुकेंद्रकी महापेशी बनतात. जंतू गिळला असता पेशीतील आम्लयुक्त कोशात त्याचे पचन होते. धातूचा कण पचत नाही, उलट त्या आम्लात तो हळूहळू विरघळतो आणि कोबाल्टासारख्या विषारी आयनांची मात्रा पेशीच्या अंतर्भागातच वाढत जाते. कोशाचे आवरण फुटले, की एनएलआरपी-३ नावाची प्रथिनयंत्रणा जागृत होऊन इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहकारक प्रथिन स्रवते, आणि त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-६ व अर्बुदमृत्युघटक-आल्फा हीही बाहेर पडतात. पेशी मेली तरी कण शिल्लक राहतो व दुसरी पेशी त्यास गिळते. या पुनरावृत्तीमुळे दाह कधीच आपोआप शमत नाही.

या स्रावांच्या प्रभावाने अस्थिजनक पेशी रँकल हे प्रथिन अधिक निर्माण करतात, आणि त्याच्या योगे महाभक्षींच्याच कुळातील पूर्वपेशींचे रूपांतर हाड विरघळविणाऱ्या अस्थिभक्षक पेशींत होते. कणांच्या पृष्ठाला चिकटलेले जीवाणुजन्य अंतर्विष ही प्रतिक्रिया पुष्कळच तीव्र करते, हे टिटॅनियमाच्या कणांवरील प्रयोगांत दिसून आले असून, रोपणाची निर्जंतुकता व त्याच्या पृष्ठाची रासायनिक शुद्धता या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव त्यातून दृढ झाली.

लसीका पेशींवरील परिणाम : निकेल, कोबाल्ट व क्रोमियम यांचे आयन शरीरातील प्रथिनांशी संयोग पावून टी-लसीका पेशींना परकीय वाटणारे रूप धारण करतात आणि त्यातून विलंबित प्रकारची अतिसंवेदनशीलता उद्भवते. याखेरीज निकेल व कोबाल्ट हे मानवी टोल-सदृश ग्राही-४ या जंतुसूचक प्रथिनास थेट उद्दीपित करतात. उंदराच्या ग्राहीत या उद्दीपनास आवश्यक असे हिस्टिडिनाचे अवशेष नसल्यामुळे केवळ उंदरांवरील प्रयोगांवरून रोपणाच्या निर्धोकतेचा दाखला देणे सदोष ठरते. धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांभोवतीच्या ऊतकात रक्तवाहिन्यांलगत लसीका पेशींचे दाट थर विलर्ट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वर्णिले. २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या शल्यचिकित्सकांनी तशाच सांध्यांलगत वाढणाऱ्या, पण कर्करोगी नसलेल्या छद्मार्बुदांची नोंद केली.

सार्वजनिक परिणाम : या ज्ञानाची किंमत प्रत्यक्ष रुग्णांनी मोजली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या शाखेने आपला एएसआर हा धातू-धातू खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविला, तेव्हा सुमारे ९३,००० रोपणे बसविली गेली होती. भारतातही हजारो रुग्णांना ती बसविली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत फिर्याद दाखल केली, केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली आणि पुढे नुकसानभरपाईचे सूत्र मुक्रर केले. रोपण कोणास, केव्हा व कोणते बसविले याचे राष्ट्रव्यापी दप्तर ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आदी देशांत दोष तुलनेने लवकर उघडकीस आला, ही बाब प्रत्येक आरोग्यखात्याने मनावर घेण्याजोगी आहे.

उपकारक परिणाम : सर्वच धातू सर्व मात्रांत अपायकारक असतात असे नाही. महाभक्षी पेशी दाहकारक व दुरुस्तीकारक अशा दोन्ही अवस्थांत वावरू शकतात. मॅग्नेशियमाचे आयन त्यांना दुरुस्तीकारक अवस्थेकडे वळवितात, असे प्रयोगांत आढळले आहे. जस्त, स्ट्राँशियम व तांबे यांची अल्प मात्रा जैवक्रियाशील काचेत मिसळून हाच हेतू साधण्याचे प्रयत्न चालू आहेत. आल्बँ लाँबॉत यांनी १९०७ मध्ये वापरलेली मॅग्नेशियमाची पट्टी पोलादी खिळ्यांच्या सान्निध्यात झपाट्याने झिजली आणि हायड्रोजन वायू साचला; आता शुद्ध धातू व नियंत्रित मिश्रधातू यांमुळे विरघळणारे स्क्रू व्यवहारात आले आहेत.

निदान व प्रतिबंध : धातू-धातू खुबा असलेल्या रुग्णाच्या रक्तातील कोबाल्ट वा क्रोमियम लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळल्यास पुढील तपास करावा, असा संकेत ब्रिटिश औषधनियामक संस्थेने घालून दिला होता. धातूमुळे येणारा विक्षेप कमी करणारे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण मऊ ऊतकातील विकृती दाखविते, तर क्ष-किरण चित्रात अस्थिलयन बरेच उशिरा उमटते. अनुप्रस्थबंधित पॉलिएथिलीन व मृत्तिकाजन्य गोळे यांच्या वापराने कणांची निर्मिती लक्षणीय प्रमाणात घटली आहे. हाडात आधीच पसरलेले कण निरुपद्रवी करणारे सर्वमान्य औषध मात्र उपलब्ध नाही. म्हणून नव्या रोपणास परवाना देण्यापूर्वी त्याचे बळ व झीज यांबरोबर त्याच्या झिजेच्या कणांना मानवी प्रतिरक्षा पेशी कसा प्रतिसाद देतात, याची परीक्षा होणे आणि रोपणानंतर प्रत्येक रुग्णाची दीर्घकाळ नोंद ठेवली जाणे, या दोन्ही गोष्टी अत्यावश्यक आहेत.