अनुशेषाच्या पोटातली रेघ

अनुशेष हा शब्द यवतमाळात चहाच्या टपरीवरही कळतो. अर्थशास्त्राच्या अहवालातून थेट बाजारात उतरलेले असे शब्द फार थोडे. राज्य सरकारने १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा शोध घ्यायला समिती नेमली. १९८४ च्या तिच्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटी रुपये आणि त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी. रीत सोपी होती. राज्याची सरासरी काढायची. जिल्हा तिच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष.

पुढे राज्यपालांच्या निर्देशांत सिंचनाचा अनुशेष उरला तो अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांचा. अमरावती विभागातला पाचवा जिल्हा यवतमाळ. तो त्या यादीत नाही. पूस, अरुणावती, बेंबळा आणि पैनगंगेवरचं इसापूर, एवढी धरणं नावावर असल्यावर कागदावर देणं फिटतंच. झरी-जामणीकडच्या एखाद्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन ही बातमी कुणीतरी सांगायला हवी. (या जिल्ह्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव आणि सुधाकरराव नाईक. दोघेही एकाच तालुक्यातले, पुसदचे. तालुके १६ आहेत.)

सरासरीच्या पोटात काय दडलंय ते दाखवणारी रेघ मात्र दांडेकरांच्या कितीतरी आधी, १९०५ साली अमेरिकेत काढली गेली. ती काढणारा मॅक्स ओटो लॉरेन्झ तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत होता. त्याचा प्रबंध रेल्वेच्या दरांवरचा. संपत्तीच्या वाटणीवर त्याने लिहिला तो एक छोटासा लेख. नाव राहिलं ते त्या लेखामुळे. इटलीचा अर्थशास्त्रज्ञ पॅरेटो दहाएक वर्षं आधीच उत्पन्नाच्या वाटणीला सूत्रात बसवू पाहत होता. लॉरेन्झने सूत्र बाजूला ठेवलं आणि माणसांची रांग लावली.

रांग कशी ते आपल्या भाषेत पाहू. समजा, एका गावात दहा शेतकरी आणि शंभर एकर वावर. पाच जणांकडे दोन-दोन एकर, तिघांकडे दहा-दहा, दोघांकडे तीस-तीस. सरासरी दहा एकर, म्हणजे गाव सुखात. आता सगळ्यात कमी वावर असलेल्याला पुढे घ्या आणि बेरीज करत चला. पहिल्या निम्म्या लोकांकडे मिळून १० टक्के जमीन. ८० टक्के लोकांपर्यंत पोचलो तरी हाती ४० टक्केच. आलेखाच्या कागदावर हे बिंदू जोडले की रेघ खाली झोळीसारखी लोंबते. सगळ्यांना सारखं वावर असतं तर ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ गेली असती. जितकी झोळी खोल तितकी विषमता जास्त.

झोळी किती खोल, हे आकड्यात सांगायची सोय कोर्रादो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ ते १९१४ च्या दरम्यान केली. सरळ रेघ आणि झोळी यांच्यामधलं क्षेत्रफळ घ्यायचं आणि सरळ रेघेखालच्या सगळ्या क्षेत्रफळाने भागायचं. शून्य म्हणजे सगळे सारखे, आकडा १ च्या जवळ म्हणजे जवळपास सगळं एकाच्या घरात. आपल्या गावाचा आकडा येतो ०.५२. विषमतेचं जगभर चाललेलं माप देणारा हा गृहस्थ मुसोलिनीच्या राजवटीत इटलीच्या सांख्यिकी संस्थेचा पहिला प्रमुख होता आणि फॅसिझमची शास्त्रीय बैठक मांडणारा लेख त्याने लिहिला होता. मापाला बापाचा गुण लागत नाही, एवढंच म्हणायचं.

मापाला खोट मात्र आहे, आणि ती यवतमाळसारख्या जिल्ह्यात फार बोचते. दुसरं गाव घ्या: शंभरातली ५२ माणसं भूमिहीन आणि उरलेल्या ४८ जणांकडे अगदी सारखी जमीन. त्याचाही जिनी ०.५२. दोन्ही गावं वेगळी, झोळ्यांचा आकारही वेगळा, आकडा तोच. म्हणून आकड्यापेक्षा रेघ पाहावी, असं माझं मत.

त्याहून मोठी खोट मोजणाऱ्याच्या नजरेत असते. शेतजमिनीची मोजदाद होते ती शेती करणाऱ्यांची. कापूस वेचणारी, निंदणाला जाणारी मजूर बाई सातबाऱ्यावर नाही, म्हणून ती रांगेतही नाही. आपल्या पहिल्या गावातल्या दहा शेतकऱ्यांत दहा भूमिहीन मजूर उभे करा. कुणाचा एक गुंठाही कमीजास्त झाला नाही, तरी ०.५२ चा आकडा ०.७६ वर जातो. विषमता वाढली नाही, ती आधीपासून तिथेच होती.

आता पुन्हा सरकारी हिशेबाकडे. प्रादेशिक असमतोलावरच्याच विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरला. हिशेब एक पायरी खाली उतरला खरा. घटक कितीही लहान केला तरी त्याची सरासरी सरासरीच राहते. दांडेकरांना दोष देण्यात अर्थ नाही. नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१ साली देशाच्या दारिद्र्याचा अभ्यास मांडणाऱ्या माणसाला वरचे-खालचे थर ठाऊक नव्हते असं कोण म्हणेल? समितीपुढचा प्रश्न विभागांचा आणि जिल्ह्यांचा होता, माणसांचा नव्हता.

तेव्हा तलाठ्याकडून गावचा आठ-अ मागून घ्या. खाती लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, बेरजा करा, शाळेतल्या पोराकडून आलेखाचा कागद घेऊन रेघ काढा. आणि ज्यांचं खातंच नाही ती घरं रांगेच्या सुरुवातीला धरायला विसरू नका.