अशोक, अदिती

अशोक, अदिती : (२९ मार्च १९९८– ). भारतीय व्यावसायिक गोल्फपटू. जन्म व शिक्षण बंगळूर येथे. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांनी गोल्फ खेळायला सुरुवात केली. २०१५ मध्ये ब्रिटिश महिला हौशी स्ट्रोक-प्ले स्पर्धा आणि त्याच वर्षअखेरीस लेडीज युरोपियन टूरची प्रवेशस्पर्धा जिंकून १ जानेवारी २०१६ पासून त्या व्यावसायिक झाल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये गुरुग्रामला इंडियन ओपन जिंकून लेडीज युरोपियन टूरचे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. दोनच आठवड्यांत कतारची स्पर्धाही त्यांनी जिंकली. २०१७ पासून त्या अमेरिकेच्या एलपीजीए (महिला व्यावसायिक गोल्फ संघटना) टूरवर खेळतात. त्यांच्याआधी सिमी मेहरा यांनी तिथे भारताची वाट पाडली होती, हे अनेकदा विसरले जाते. २०२० चा अर्जुन पुरस्कार अदिती यांना मिळाला.

टोकियो ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक (ऑगस्ट २०२१) ही त्यांची सर्वांत परिचित ओळख आहे, आणि तो हुकलेल्या पदकाची हळहळ म्हणूनच सांगितला जातो. त्यांच्या खेळाचे खरे वैशिष्ट्य त्या हळहळीत झाकले जाते. जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानी असलेल्या अदिती यांनी कासुमिगासेकीच्या मैदानावर ६७, ६६, ६८ आणि ६८ अशा चार फेऱ्या खेळून एकूण २६९ फटके, म्हणजे पारपेक्षा (मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा) १५ कमी, नोंदवले. सुवर्णपदक विजेत्या नेली कोर्डा त्यांच्यापुढे अवघ्या दोन फटक्यांनी होत्या आणि मोने इनामी व लिडिया को एका फटक्याने. त्या वेळी अदिती मैदानावरच्या सर्वांत आखूड ड्राइव्ह (होलचा पहिला, लांब फटका) मारणाऱ्यांपैकी होत्या. ड्राइव्ह आखूड पडला की पुढचे सारे अवघड होते. लांब मारणारी खेळाडू जिथून छोट्या आयर्नने उंच चेंडू टाकून तो ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) थांबवते, तिथे आखूड मारणारीला वुड किंवा हायब्रिड ही लांब पल्ल्याची काठी घ्यावी लागते आणि चेंडू घरंगळत पुढे जातो. ही तूट त्यांनी ग्रीनभोवतीच्या नाजूक फटक्यांनी आणि पटिंगने (ग्रीनवरून चेंडू होलमध्ये ढकलण्याने) भरून काढली. त्यांची कारकीर्द याच कसबाची आहे आणि तिचे मोलही त्याच मापाने ठरवायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा, की निर्णायक दिवशी त्यांचा खेळ ढासळतो. पुरावाही आहे : २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ६८, ६८ अशा सुरुवातीनंतर ७९ व ७६ फटके लागून त्या ४१ व्या स्थानी घसरल्या. हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत (२०२३) तिसऱ्या फेरीतल्या अप्रतिम ६१ फटक्यांनंतर सात फटक्यांची आघाडी असताना शेवटच्या दिवशी ७७ लागले आणि सुवर्ण थायलंडच्या खेळाडूकडे गेले. रिओत त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या, तेव्हा ते उदाहरण फार ताणू नये. हांगचौचे मात्र सहज बाजूला सारता येत नाही. तरीही कारण मनाच्या कमकुवतपणात शोधणे घाईचे वाटते. ज्या खेळाचा सारा भार पटिंगवर आहे, त्यात एखाद्या दिवशी पटिंग साधले नाही तर सावरायला लांब ड्राइव्हचा आधार नसतो. जमेची बाजू तीच जोखमीचीही ठरते. दडपण त्यांना झेपतच नसते, तर टोकियोत पदकाच्या चुरशीत, वादळाने खेळ थांबलेल्या अखेरच्या दिवशी ६८ ची फेरी झाली नसती. हांगचौनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्यांनी स्पॅनिश ओपन जिंकली. हांगचौचे रौप्यसुद्धा आशियाई स्पर्धेत भारतीय महिलेला मिळालेले गोल्फमधले पहिले पदक आहे, ही बाब त्या ७७ च्या बोलबाल्यात मागे पडू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१६ व २०२३ मधली प्रत्येकी दोन आणि २०१७ मधले अबू धाबीचे एक, अशी त्यांची २०२३ अखेरची पाचही विजेतेपदे युरोपियन टूरवरची आहेत; तोवर एलपीजीएवर त्यांना एकही मिळाले नव्हते. एलपीजीएवरची चढाओढ अधिक कडवी असते, तेव्हा हा फरक मान्यच करावा लागतो. परंतु एप्रिल २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला त्या तिघींच्या प्लेऑफपर्यंत पोहोचल्या आणि हॅना ग्रीन यांच्याकडून हरल्या. आखूड ड्राइव्हचा खेळ जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसमोरही शेवटच्या होलपर्यंत टिकतो, एवढे त्यातून दिसते.  २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत २९ वे स्थान मिळाले, तेव्हा सलग तीन ऑलिंपिक खेळून झालेल्या अदिती २६ वर्षांच्या होत्या.