कापूस नावापुरता, तरी कपड्यांत बांगलादेश पुढे; हे जमलं कसं?

भारतातल्या कापसाचं आणि सुताचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्यामुळे तिथले कारखाने थंडावले की त्याची चर्चा विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या जिनिंगपर्यंत येते. स्वतःकडे कापूस फारसा पिकत नसताना हा देश कपड्यांच्या निर्यातीत जगात पुढे कसा गेला, ते समजून घेऊ.

सुरुवात कशी झाली?
१९७१ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यात मुख्यतः तागाची होती. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कुणाकडून किती कपडे घ्यायचे याचा कोटा लावला. दक्षिण कोरियाच्या कंपन्यांना तो कमी पडू लागला. बांगलादेशावर मात्र असा कोटा नव्हता. म्हणून कोरियाच्या देवू कंपनीने चितगावच्या देश गारमेंट्सशी करार केला. १९७९ मध्ये तिथले सुमारे १३० जण सहा महिने कोरियात काम शिकून आले.

खरा फायदा कुठे झाला?
शिकून आलेले बहुतेक जण पुढे ती कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. हुन्नर असा देशभर पसरला. सरकारनेही दोन सोयी दिल्या: निर्यातीच्या मालासाठी लागणारं कापड जकात न भरता आणायचं आणि परदेशी ऑर्डरच्या भरवशावर बँकेने पत द्यायची. त्यामुळे कमी भांडवलवालाही या धंद्यात उतरू शकला.

आज देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे. सुमारे ४० लाख लोक या कामावर आहेत. त्यात निम्म्याहून जास्त बाया असून, अनेकजणी खेड्यातून आलेल्या आहेत.

किंमत कोणी मोजली?
२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राना प्लाझा ही इमारत कोसळली. ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये कारखान्यांच्या तपासणीचा करार झाला.

आपण काय विचारायचं?
आपल्या तालुक्यात बाहेरची कंपनी येणार असेल, तर गुंतवणूक किती कोटींची एवढंच विचारून भागत नाही. पोरापोरींना काम शिकवणार का? नोकरी कायम की कंत्राटी? सुट्टे भाग, दुरुस्ती, वाहतूक ही कामं इथल्यांना मिळणार का? इमारतीची तपासणी कोण करणार? हे प्रश्न जमीन देण्याआधी, ग्रामसभेतच विचारलेले बरे.