लोगोस आणि अभंग : 'प्रभाव' या शब्दाविषयी थोडेसे

१९०७ साली जळगावात भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. खानदेशातल्या वर्गांत टिळकांचे नाव बहुधा या प्रसंगाच्या ओघाने येते. मग 'अभंगांजली'चा विषय निघतो आणि एखादा विद्यार्थी विचारतो, हे अभंग वारकरी म्हणायचे की ख्रिस्ती? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक स्वतः सांगत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपण मात्र 'संतकाव्याचा प्रभाव' एवढे फळ्यावर लिहून मोकळे होतो. हे उत्तर किती अपुरे आहे, ते आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास पाहताना ध्यानात येते.

इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास झेनोने अथेन्समधील एका चित्रमंडपात स्टोइक विचारांची शाळा सुरू केली. विश्वात सर्वत्र भरून राहिलेल्या विवेकाला या पंथाने 'लोगोस' म्हटले. त्या विवेकाचा अंश प्रत्येक माणसात आहे, म्हणून सारी माणसे एकाच विश्वनगरीची नागरिक ठरतात. पौलाचे गाव तार्सस हे या विचाराचे एक केंद्र होते. अथेन्समधील त्याचे भाषण 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात आले आहे. त्यात पौल ग्रीकांच्याच कवीची साक्ष काढतो. हा कवी म्हणजे अरेटस, पौलाच्याच किलिकिया प्रांतातला. त्याने जे झ्यूसविषयी म्हटले होते, ते पौलाने आपल्या देवाविषयी म्हटले. पुढे सेनेका आणि पौल यांचा पत्रव्यवहारही कोणी रचला. तो चौथ्या शतकातला बनाव आहे. पण असे नाते असावे असे लोकांना वाटत होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

प्रश्न खरा उभा राहतो तो जस्टिनपाशी. दुसऱ्या शतकातला हा तत्त्वजिज्ञासू प्रथम एका स्टोइक गुरूकडे गेला. देवाविषयी तेथे काही लाभत नाही, म्हणून निघाला. ख्रिस्ती झाल्यावरही स्टोइकांचा शब्द त्याने टाकला नाही. लोगोसचे बीज सर्व मानवजातीत पेरलेले आहे, त्यामुळे विवेकाने जगलेला सॉक्रेटिसही एका अर्थी ख्रिस्तीच, असे त्याने लिहिले. स्टोइक मुसोनियसचे नावही त्याने आदराने घेतले. पण शब्द तोच राहिला, तरी आशय पालटला. स्टोइकांचा लोगोस विश्वाशी एकरूप होता; योहानाच्या शुभवर्तमानात तो एका माणसाच्या देहात आला. स्टोइक ज्ञानी शोकाच्या पलीकडे जाऊ पाहतो. त्या शुभवर्तमानातला येशू मात्र मित्राच्या कबरीपाशी रडतो.

इ. स. १६५च्या सुमारास रोममध्ये जस्टिनला देहान्ताची शिक्षा झाली. ती देणारा अधिकारी होता ज्युनियस रस्टिकस, म्हणजे सम्राट मार्कस ऑरेलियसला एपिक्टेटसची ओळख करून देणारा स्टोइक. ज्यांच्या शब्दाला जस्टिनने आपल्या घरात मानाचे स्थान दिले, त्यांच्यातल्याच एकाने त्याला मृत्यूच्या हवाली केले. समान परिभाषा समान निष्ठेची हमी देत नाही, हे इतक्या कठोरपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

टिळकांचेही असेच काहीसे आहे. अभंगाचा छंद, आर्तता, देवाला माऊली म्हणण्याची रीत हे सारे त्यांना घरचेच होते; ज्याच्यासाठी ते योजले, तो आराध्य निराळा. तेव्हा 'प्रभाव' म्हणजे एकाने दिले आणि दुसऱ्याने घेतले, असा व्यवहार नव्हे. घेणारा त्या शब्दाला नव्या कामाला लावतो आणि त्याची किंमतही मोजतो. टिळकांनी १९१७ साली मिशनच्या चौकटीबाहेर 'देवाचा दरबार' मांडला. ती अशाच किंमतीची एक नोंद मानता येईल.

वर्गातला तो प्रश्न म्हणूनच थोडा बदलून विचारावा : या अभंगात जुने किती, यापेक्षा जुना शब्द येथे कोणते नवे ओझे वाहतो आहे?